नवऱ्याला क्रियाविशेषणं शिकवली तेव्हा

माझ्या नवऱ्याला घरात बसवत नाही. म्हणजे अक्षरशः बसवत नाही. बोटीवरून सुट्टीला आला की पहिले काही दिवस झोपून काढतो. मग एका सकाळी उठतो आणि फेऱ्या मारायला लागतो, त्या पुढची बोट मिळेपर्यंत. गॅलरीत जायचं, दोन इमारतींच्या फटीतून भाट्याच्या खाडीचा जो तुकडा दिसतो तो बघायचा, आत यायचं, फ्रिज उघडायचा, काही न घेता बंद करायचा, परत गॅलरी. मी त्याच खोलीत लॅपटॉप घेऊन कामाला बसलेली. परदेशातल्या माणसांशी माझे कॉल चालू आणि मागून हा कॅमेऱ्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. एकदा पलीकडच्या बाईनं काळजीनं विचारलं, तुमच्या घरी बरीच माणसं राहतात का? काय सांगणार, कप्पाळ!

तो नाटे गावचा. त्याचे वडील मासेमारीच्या होडीवर होते, हा मालवाहू जहाजांवर सुकाणू धरतो. मी लांज्याची, हायवेकडेला वाढलेली, शिकून प्रोग्रॅमर झालेली. पुण्याच्या ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी रत्नागिरीत फ्लॅट घेऊन राहायला आले, सासूबाईंना नाट्याहून इकडे आणलं आणि त्याची वाट बघायला लागले. लग्नानंतर वर्षभर मी त्याला 'अहो' म्हणत होते. पण बोटीवरचा फोन असा तुटक की 'अहो, ऐकताय का तुम्ही' यातलं 'का' तेवढं पलीकडे पोचायचं. मग मी 'तू'वर आले. सासूबाईंसमोर अजूनही 'अहो' म्हणते आणि त्या अजूनही न कळल्यासारखं करतात.

मागच्या दिवाळीनंतर त्याच्या जुन्या सोबत्यानं बातमी आणली. उत्तरेला एका खाडीच्या तोंडाशी खाजगी जेटी आहे, तिथे सुपरवायझर हवा होता. जहाज धक्क्याला लागताना दोर कसे घेतात, कसे बांधतात, यावर देखरेख करायची. सकाळी मोटारसायकलवरून जायचं, संध्याकाळी घरी यायचं. अट एकच, इंग्रजीतून मुलाखत. आधीचा सुपरवायझर रिपोर्टमध्ये 'जहाज आलं, दोर तुटला' एवढंच लिहायचा. जहाज सावकाश आलं की वेगानं, दोर अचानक तुटला की आधीपासून विरत होता, याचा पत्ता नसायचा. त्यामुळे आता त्यांना 'कसं' लिहिता येणारा माणूस पाहिजे होता.

मला तो घरी हवा होता. बस्स, दुसरं काही नाही. वर्षातले आठ-नऊ महिने इन्व्हर्टर बंद पडला तर मी, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर मी, गणपतीला आरतीला घरचा पुरुष कुठाय म्हणून कोणी विचारलं तर उत्तर द्यायलाही मीच. मला नीट भांडायलासुद्धा माणूस नव्हतं. फोनवर भांडताना नेटवर्क गेलं की भांडण अर्धवट राहतं आणि पुढचं बंदर येईपर्यंत तसंच नासत पडतं. तेव्हा ही नोकरी त्याला मिळवून द्यायचीच, असं मी ठरवलं. त्यानं काय ठरवलं होतं ते मी विचारलं नाही. तो 'बघू' म्हणाला होता, आणि आमच्याकडे 'बघू' हा होकारही असतो.

त्याचं इंग्रजी बोटीवरचं. सगळी वाक्यं पाव-पाव, सुकाणूचे नि दोरांचे हुकूम. पोर्ट टेन. मिडशिप. होल्ड ऑन. त्यात कर्ता नाही, क्रियापद असलं तर असलं. आणि वर एक सवय. सुकाणूवाल्याला कप्तानानं हुकूम दिला की तो त्यानं शब्दाला शब्द परत म्हणायचा असतो, म्हणजे बरोबर ऐकू आलं हे वरच्याला कळतं. पटलं की नाही हा प्रश्नच नसतो. ही सवय त्याच्या हाडात इतकी मुरलेली की मी म्हणावं, येताना कोथिंबीर आण, की हा दारात ताठ उभा राहून म्हणणार, येताना कोथिंबीर आण, सर. मग कधी कोथिंबीर यायची, कधी हात हलवत तो एकटाच यायचा. सासूबाई म्हणायच्या, बाय गो, तुझो घो बोटीवर गेलो नि पोपट होवन इलो.

मला त्यात नवल वाटत नव्हतं. माझ्या धंद्यातही तेच चालतं. एका मशीननं दुसऱ्याला निरोप धाडला की दुसरं आधी नुसतं 'पोचला' म्हणतं. पोचला म्हणजे काम झालं असं नाही, आणि मान्य झालं असं तर मुळीच नाही. मी त्याच्या त्या पोपटपंचीला 'पोच' म्हणायचे आणि कोथिंबिरीची आशा सोडून द्यायचे.

आधी मी व्याकरणाचं पुस्तक काढलं. तो दुसऱ्याच पानावर घोरायला लागला. मग माझं डोकं फिरलं आणि त्या रागात मी त्याला ओढत ओट्याजवळ नेलं, मिक्सर दाखवला. म्हटलं, हा मिक्सर म्हणजे क्रियापद. वाटणं हे त्याचं काम. आम्ही याला फंक्शन म्हणतो. आणि हे जे वेगाचं बटण आहे ना, ते क्रियाविशेषण. बटणाला हात लावला नाहीस तरी मिक्सर फिरतो, पण आपल्या मनानं फिरतो. चटणी हवी असताना पीठ झालं तर दोष कोणाचा? तो म्हणाला, बटण न फिरवणाऱ्याचा. त्या दिवसापासून गाडी चालू झाली.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मी स्केचपेननं लिहून फ्रिजवर लावलं, म्हणजे येता-जाता दिसेल. क्रियापदाला विचारायचे प्रश्न मोजके: कसं, कधी, कुठे, कितपत. उत्तर मिळालं की ते क्रियाविशेषण. मग 'ली'चं यंत्र. आत विशेषण घाला, बाहेर क्रियाविशेषण पडतं. स्लो घाला, स्लोली. केअरफुल घाला, केअरफुली. हे त्याला फार आवडलं. दिवसभर दिसेल तो शब्द यंत्रात घालत होता. सासूबाईंना म्हणाला, आये, भाकरी सॉफ्टली झालीय. त्यांनी त्याला हातातला भाकरी उलटायचा पलीता दाखवला.

मग यंत्र बिघडलं. मी सरावाला सांगितलं, जहाजावरच्या कामाबद्दल बोल. तो छाती काढून म्हणाला, 'आय वर्क हार्डली.' मला हसू आवरेना. त्याला सांगितलं की तू आत्ता म्हणालास, मी जेमतेमच काम करतो. तो भडकला. म्हणाला, डेकवर उन्हातान्हात हाडं झिजवली आणि इंग्रजीत मी कामचुकार? मी म्हटलं, हार्डला यंत्रात घालायचं नाही, फास्टलाही नाही. का, तर जुना कोड आहे, कोणी लिहिला ठाऊक नाही, चालतोय तोवर कोणी हात लावत नाही. तो म्हणाला, म्हणजे तुमच्यातही बोटीसारखंच आहे.

एकदा त्यानं मला पेचात धरलं. म्हणाला, इंग्रजीचं राहू दे, चटकन आणि पटकन यात फरक काय सांग.  पटकन ये, झटकन उठ, चटकन सुचलं, टचकन पाणी आलं, धाडकन दार लागलं. एक इकडचा तिकडे चालत नाही, पण का चालत नाही ते सांगता येईना. इतकी वर्षं बोलतेय आणि नियम म्हणून एक ओळ लिहिता येत नाही, याची मला रुखरुख लागली. ऑफिसच्या कॉलवरही मी तेच घोळवत होते. सासूबाई म्हणाल्या, शिकलेल्यांना काम नसलं की असले प्रश्न पडतात, आधी भाजी बघ, करपतेय.

सगळ्यात अवघड गेली ती वारंवारतेची क्रियाविशेषणं. ऑलवेज, युज्वली, समटाइम्स, नेव्हर. मी त्याला सांगितलं, समज एखादी गोष्ट फेऱ्या घेते, तर दर फेरीला होते का, अधूनमधून होते का, कधीच होत नाही, एवढंच हे शब्द सांगतात. नमुन्यादाखल मी वाक्यं लिहीत गेले. काम करता करता, लक्ष नसताना. संध्याकाळी बघते तर कागदावर माझ्याच अक्षरात होतं: माझा नवरा सहसा बाहेर असतो. तो सणाला क्वचित घरी असतो. मी नेहमी वाट बघते. इंग्रजीत ते सगळं अगदी बिनचूक होतं. त्यानं ते वाचलं होतं. वाचून तो गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी कागद काढून टाकला, पण काढला हेही त्याला दिसलंच.

जसजशी मुलाखत जवळ आली तसतसा तो जास्तच बिथरला. दुपारी उन्हात गाडी काढायचा आणि आरे-वारेला जाऊन यायचा. उतरायचासुद्धा नाही, रस्त्यावरूनच समुद्र बघून परत. आल्यावर फेऱ्या चालूच. मी म्हणायचे, अरे, बस की एका जागी, नोकरी लागली की रोज समुद्रच आहे समोर. तो म्हणायचा, समोर. एवढंच. मी त्याच्याकडून उत्तरांची तालीम करून घेत होते, त्यामुळे त्या एका शब्दाकडे मी काही लक्ष दिलं नाही. मला वाटलं, ही पण पोचच.

ती सवय मात्र मोडायला हवी होती. मुलाखतीत प्रश्न परत म्हणायचा नाही, उत्तर द्यायचं, हे मी त्याला घासून घासून सांगितलं. आधी पालथ्या घड्यावर पाणी. मग हळूहळू फरक पडला. मी काही म्हटलं की त्याचे ओठ हलायचे, पण आवाज निघायचा नाही. गिळून टाकायचा. बघवत नव्हतं खरं म्हणजे, पण मी मनात म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

मुलाखत दुपारची होती. मी त्याला माझी खुर्ची दिली, माझं टेबल दिलं, इस्त्रीचा शर्ट घालून बसवला. हेडफोन मुद्दाम दिला नाही, मला बाहेर ऐकू यायला हवं होतं. दार लोटून मी पॅसेजमध्ये उभी राहिले. सासूबाई तिथेच खाली बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण शेंगा अगदी बिनआवाज सोलत होत्या.  माझ्या स्वतःच्या मुलाखतीला मी एवढी घाबरले नव्हते.

पलीकडे दोघं होते. एक कंपनीची बाई आणि एक निवृत्त कप्तान, आवाज खर्जातला. बाईनं नाव-गाव, अनुभव विचारला. ते पाठ केलेलं होतं, व्यवस्थित आलं. मग कप्तानानं विचारलं, जहाज धक्क्याला कसं लागतं ते सांग. आणि माझा नवरा बोलायला लागला. जहाज सावकाश येतं, फार सावकाश. पाणी शांत दिसतं, पण ते खाली जोरात ओढत असतं. दोर हळूहळू ताणला जातो आणि मग एकदम ताठ होतो. तिथे कधीच उभं राहायचं नाही, कधीच. स्लोली, जेंटली, सडनली, नेव्हर. जिथल्या तिथे. एकही बटण चुकलं नाही. मी त्याला हे शिकवलं नव्हतं, मी फक्त शब्द दिले होते. मी सासूबाईंना खूण केली की छान चाललंय. त्यांनी हात जोडले.

कप्तान खूश झाला असावा. तो हसत हसत म्हणाला, या किनाऱ्यावरची माणसं मी ओळखतो. तू जेटीवर उभा राहशील, रोज जहाजं सुटताना बघशील आणि 'इव्हेंच्युअली गो बॅक टू सी.' सरतेशेवटी परत समुद्रावरच जाशील.

यावर काय म्हणायचं तेही आम्ही बसवलेलं होतं. घरी म्हातारी आई आहे, मला आता इथेच राहायचं आहे. आतून खुर्चीचा आवाज आला. तो उठून ताठ उभा राहिला होता. म्हणाला, "इव्हेंच्युअली गो बॅक टू सी, सर."

 मग कप्तान मोठ्यानं हसला. बाई हसली नाही. कळवतो म्हणाले आणि पडदा काळा झाला.

मी आत गेले ती तोफेसारखी. उचलली जीभ लावली टाळ्याला, इतके दिवस काय गिळायला शिकवलं होतं, आता बस फेऱ्या मारत, असं काय काय बोलले. तो खुर्चीमागे उभा राहून विचारत होता, मी म्हणालो का तसं? त्याला खरंच आठवत नव्हतं. 'इव्हेंच्युअली' हा शब्द मी त्याला शिकवलाही नव्हता. पहिल्यांदाच ऐकलेला शब्द, आणि उच्चार किती स्वच्छ केला होता.

मग मी माझं शस्त्र काढलं. त्याच्या नावानं कंपनीला मेल लिहिलं. जहाजावर हुकूम परत म्हणायची शिस्त असते, हे उत्तर नव्हतं, ती फक्त पोच होती, मुलाखत घेणाऱ्यांनी कृपया तसं समजावं. ऑफिसचं काम बाजूला ठेवून त्या मेलमधलं एकेक क्रियाविशेषण निवडलं. आदरपूर्वक कुठे, मनापासून कुठे. कुठल्याही क्लायंटला मी इतकं घोटून लिहिलेलं नाही. त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, बरोबर आहे. पाठवून दिलं.

पुढचे दिवस मीच थाऱ्यावर नव्हते. कोड लिहायला बसावं तर एकच ओळ परत परत वाचत होते. उठायचे, गॅलरीत जायचे, आत यायचे, फ्रिज उघडायचे. फोन वाजला की धावायचे, आणि तो असायचा गॅस सिलिंडरवाल्याचा. सासूबाई म्हणाल्या, आता तुम्ही दोघां मिळून वाट पाडा या लादीत. तो मात्र मेल गेल्यापासून गप्प होता, आणि मला वाटत होतं की अपयशानं.

फोन त्या बाईचा आला. निवड झाली होती. माझ्या मेलचं काम पडलंच नव्हतं, कप्तानाला सगळं तिथल्या तिथे कळलं होतं. तो म्हणे नंतर सांगत होता की नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी बायको काही बोलली की तो अजून परत म्हणतो. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, माझ्या हातावर ठेवली, त्याच्या तोंडात घातली. मी तर हवेत होते. एकाच दमात सगळं ठरवत होते, मोटारसायकलचे टायर बदलायला हवेत, त्याला डबा कसला द्यायचा, या शिमग्याला पालखी येईल तेव्हा तो घरी असेल, मी ओटी भरेन आणि तो दारात असेल. सासूबाई शेजारी सांगायला गेल्या. 

मी म्हटलं, "बघ, मी म्हणत होते ना? कप्तानालाही कळलं. सवयीनं बोलला होतास तू."

तो गॅलरीच्या दारात उभा होता. पाठमोरा. म्हणाला, "सवयीनंच बोललो. पण बोलल्यावर बरं वाटलं गो."

मला आधी राग आला. काय सांगू कसला राग आला. इतक्या दिवसांची मेहनत, ते कागद, तो मिक्सर, सगळं त्याच्या अंगावर भिरकावून द्यावं असं वाटलं. आणि माझ्या लक्षात आलं की मी काही बोलले नाही तर तो ती नोकरी घेईल. एक तारखेला जाईल, रोज संध्याकाळी घरी येईल, जेवेल आणि हा विषय जन्मात परत काढणार नाही. तो तसाच आहे. माझं मागणं माझ्या हातात आलं होतं, मी फक्त गप्प राहायचं होतं. मी गप्प राहून बघितलंही. तो तसाच पाठमोरा उभा, खाडीचा तुकडा बघत, आणि असा तो मला पुढची कितीतरी वर्षं दिसला.  मला तो घरी हवा होता, पण असा नको होता.

"मग कधी निघतोस?" मी विचारलं.

तो वळला. त्यानं जहाज सांगितलं, बंदर सांगितलं, तारीख सांगितली. एकाही गोष्टीसाठी त्याला आठवावं लागलं नाही.